दोन वर्षं पुढं

संध्याकाळी चारला दिवसाची यादी छापून झाली. तिच्या तळाशी होतं: हाताचे एक्स-रे, पुरुष तेरा, स्त्रिया शून्य. रोहिणीने कागदाला पंचने दोन भोकं पाडली, फाईलला लावला, आणि फाईल मिटता मिटता तिचा हात थांबला. शून्य कसं? सकाळी तिने एका मुलीचा डावा पंजा स्वतःच्या हातात धरून प्लेटवर टेकवला होता. गरम, खरखरीत, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलेला पंजा. बोटं थोडी फाकव, असं रोहिणी म्हणाली आणि त्या मुलीने ती इतकी ताणून फाकवली की दोघींनाही हसू फुटलं. मग ती या कागदावरून गेली कुठे? परभणीतल्या या एक्स-रे केंद्रात रोहिणीला पंधरावं वर्ष चालू होतं. इतक्या वर्षांत तिने हजारो माणसांना श्वास रोखायला आणि पुन्हा सोडायला सांगितलं असेल, पण कोणी असं अख्खंच्या अख्खं निसटलं नव्हतं. तिने संगणकावर तेरावं नाव उघडलं. दैवशाला रायभान, शाळेच्या नोंदीप्रमाणे वय तेरा. पुढच्या चौकटीत लिंग: पुरुष. आणि तिला एकदम आठवलं. बारा मुलगे ओळीने झाले होते, ती चौकट मशीन आपोआप आधीच्यासारखी भरत होतं, आणि तेराव्या वेळीही तिचं बोट सवयीनं एन्टरवर पडलं होतं.

एवढीशी चूक खोडून टाकता आली असती. पण अहवाल गेले होते. चौदा वर्षांखालच्या कबड्डीची जिल्ह्याची निवड होती. कोणी मोठ्या वयाचं पोरगं घुसवू नये म्हणून समितीने बारा मुलगे हाडांचं वय काढायला पाठवले होते, आणि शेवटच्या क्षणी ही एक मुलगी. तिच्याविरुद्ध कोणीतरी तक्रार केली होती, एवढी उंच पोरगी तेराची असेलच कशी म्हणून. डॉक्टर किशनरावांनी दुपारी तेराही एक्स-रे एका बैठकीत पाहिले, रोहिणीने अहवाल टाइप केले, आणि तीन वाजता प्रशिक्षक रंगनाथ सर लिफाफे घेऊन स्टेडियमवर गेले. तेव्हा टाइप करताना तिला काहीच खटकलं नव्हतं. आता तिने अहवाल पुन्हा उघडला. हाडांचं वय पंधरा ते साडेपंधरा. म्हणजे मोठ्या वयाची. म्हणजे संघाबाहेर, आणि वर खोटारडी. सकाळी बाहेरच्या बाकावर बसलेला तिचा बाप, डोक्याला लाल रुमाल, घोंगडी घडी करून मांडीवर, प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "आमी चारठाण्याकडले. मेंढरं हायत आमची. पोरगी लय चपळ हाय." कोणी विचारलेलं नसताना.

रोहिणीने एक्स-रे पडद्यावर मोठा केला. नखांखालच्या हाडांच्या मुळाशी असलेल्या बारीक टोप्या जवळजवळ जुळून गेल्या होत्या. अंगठ्याजवळचं ज्वारीच्या दाण्याएवढं हाड स्पष्ट दिसत होतं. मनगटाजवळची रेघ मात्र अजून उघडी होती, काळी, रुंद, म्हणजे अजून वाढ शिल्लक. मुलग्याचा हात असता तर पंधरा म्हणणं बरोबरच होतं. पण मुलीच्या हाताला इथवर पोचायला पंधरा वर्षं लागत नाहीत. मुलींची हाडं पुढं असतात, या वयात तर सुमारे दोन वर्षं पुढं. हे वाक्य तिच्या मनात आलं आणि त्याच्या पाठोपाठ, तिला वेळ नसताना, सेलूची शाळा आली, आणि तिचा जुळा भाऊ बुद्धभूषण तिच्याच जुन्या चपला घालून उभा राहिलेला.

दोघं एकाच दिवशी जन्मलेली, ती वीस मिनिटांनी थोरली. दहा वर्षांपर्यंत दोघांत बोटाचाही फरक नव्हता. केस बारीक कापले की वडील भगवानराव, जे त्याच शाळेत शिक्षक होते, तेसुद्धा पाठमोरं बघून चुकीच्या नावानं हाक मारायचे. मग अकराव्या वर्षी रोहिणीला काहीतरी झालं. ती झोपायची आणि उठली की फ्रॉक आखूड झालेला असायचा. दारातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीला तिचा हात टाच न उचलता पुरू लागला. तिच्या चपला सहा महिन्यांत तिला होईनात आणि भूषणला बरोबर बसत. दोन वर्षं तो बहिणीच्या चपला वापरत राहिला, पट्ट्यावरचं प्लास्टिकचं फूल ब्लेडनं कापून. ती वर्गातली सगळ्यात उंच. व्हॉलीबॉलच्या जाळ्याजवळ सर तिलाच उभं करायचे, चेंडू वरून यायचा आणि तिच्या तळव्यावर असा बसायचा की त्या आवाजानं तिला पोटात गुदगुल्या व्हायच्या. आपण अशाच वाढत राहणार, याबद्दल तिला बिलकुल शंका नव्हती. आई, गीताबाई, म्हणायची, "जरा वाकून चल गं, चौकट लागल." ती मुद्दाम ताठ चालायची. आणि चौदावं लागल्यावर सगळं थांबलं. कोणी सांगितलं नाही, निरोप नाही, काही नाही. पुढच्या वर्षीही तोच फ्रॉक, त्याच चपला. आधी तिला बरं वाटलं, मग नवल, मग भीती. कारण आता भूषणची पाळी होती. संध्याकाळी त्याचे गुडघे ठणकायचे, आई तेल चोळायची, आणि रोहिणी शेजारी बसून त्याच्या दुखण्याचा हेवा करायची. स्वतःचे गुडघे ती दाबून दाबून बघायची, कुठे ठणका आहे का. दहावीत तो तिच्यापेक्षा टीचभर वर गेला, आणि व्हॉलीबॉलचे सर एका दुपारी सहज म्हणाले, "रोहिणी, तुझी उंची संपली की गं." साखर संपली म्हणतात तसं. तिला खरंच वाटलं की आपण कुठेतरी उधळपट्टी केली. लवकर लवकर वापरून टाकली. चहा जास्त प्यायला असेल, उड्या जास्त मारल्या असतील. संघातून तिला कोणी काढलं नाही, ती आपणच मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली, आणि पुढे मैदानावर गेलीच नाही.

उंची का थांबली हे तिला कळलं ते औरंगाबादला, एक्स-रेचा डिप्लोमा करताना. शिकवणाऱ्या मॅडमनी उजेडाच्या पेटीवर दोन हात लावले, एक मुलाचा, एक मुलीचा, दोघं तेरा वर्षांची. बघा, म्हणाल्या, वय एक आहे, पण हाडं एक नाहीत. मुलीचा हात जवळपास घर बांधून झाल्यासारखा, मुलाच्या हातात अजून विटा सुट्या. मुली लवकर निघतात, लवकर पोचतात. मुलगे उशिरा निघतात आणि जास्त वेळ चालतात, म्हणून सरासरीनं उंच होतात, एवढंच. त्यात कोणी काही उधळत नाही. रोहिणी भर वर्गात मोठ्यानं हसली होती. सहा वर्षं उरात धरलेला एक आरोप दोन काळ्या फिल्म्सनी काढून घेतला होता. त्या दिवशी ती प्रयोगशाळेत उशिरापर्यंत बसली. कपाटात कमरेची दोन हाडं होती, एक पुरुषाचं, एक बाईचं. मागच्या खाचेत अंगठा घालून बघायचा. पुरुषाच्या खाचेत तो अडकतो, बाईच्या खाचेत मोकळा फिरतो. तिने डोळे मिटून दोन्ही हाडं अदलाबदल करून पाहिली, दहा वेळा, आणि एकदाही चुकली नाही. मात्र तिसऱ्या खणात एका लहान लेकराचं कमरेचं हाड होतं, हलकं, करंजीएवढं. मॅडम म्हणाल्या होत्या, याच्यावरून कोणी खात्रीनं सांगू शकत नाही मुलगा की मुलगी. एवढ्या वयात हाडांनी ठरवलेलं नसतं. रोहिणीला ते हाड खाली ठेववेना. दारातल्या दोरीखाली उभी असलेली, पाठमोरी, चुकीच्या नावानं हाक मारली तरी ओ देणारी दोन पोरं तिला त्यात दिसत होती. आणि आज एवढं सगळं माहीत असलेल्या त्याच बाईनं एका मुलीला एन्टर दाबून मुलगा केलं होतं.

ती उठली. आतल्या खोलीत किशनराव सीताफळ खात बसले होते, चष्मा कपाळावर, समोर कागदावर बियांची ओळ. सत्तरीला टेकलेला माणूस, आवाज कधी चढत नाही, पण झालेला अहवाल पुन्हा काढायचा म्हटलं की गप्प होतात, आणि त्यांचं गप्प होणं रोहिणीला ओरडण्यापेक्षा जड जायचं. दारातून आठ पावलं चालताना तिने तीन वाक्यं जुळवली आणि तिन्ही विसरली.

"सर, तेरा नंबर मुलगी आहे. मी पुरुष टाकलं. चूक माझी आहे."

किशनरावांनी बी तोंडातून काढून ओळीत ठेवली. "कोणता तेरा?"

"पंधरा ते साडेपंधरा लिहिलंय तो. सर, निवड आजच आहे. ती बाहेर जाईल."

किशनरावांनी बिया कागदात गुंडाळल्या. मग उठले, हात धुतले, पुसले, हे सगळं फार सावकाश. कपाटातून एक्स-रेच्या चित्रांचं जाड पुस्तक काढलं. पुढच्या भागात मुलगे, मागच्या भागात मुली, वयाच्या ओळीनं. पुढच्या भागाची पानं हाताळून काळवंडली होती. मागचा भाग उघडला तेव्हा दोन पानं एकमेकांना चिकटलेली निघाली. पडद्यावरचा दैवशालाचा हात आणि पानावरचा हात, दोन्हीकडे ते बराच वेळ बघत राहिले. रोहिणीही खांद्यामागून बघत होती, आणि तिला पान उलटायच्या आधीच कळलं होतं.

"तेरा," किशनराव म्हणाले. "फार तर सव्वातेरा. यात वर्षभर इकडेतिकडे होऊ शकतं, तेही लिहू. पण पंधरा नाही." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "नाव दैवशाला आहे. नाव वाचलं असतं तरी कळलं असतं मला. मी नंबर वाचला." मग एकदम त्यांना हसू आलं. "काय रोहिणी, आपण दोघांनी मिळून एक पोरगा जन्माला घातला की दुपारी."

रोहिणीने नवा अहवाल टाइप केला, लिंग: स्त्री हे दोनदा वाचलं, मोठ्यानं. किशनरावांनी सही केली, शिक्का मारला, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं की आधीचा अहवाल नोंदीतल्या चुकीमुळे रद्द. पुस्तकातल्या दोन पानांची झेरॉक्स तिने बरोबर घेतली. स्कूटीवर बसली तेव्हा पावणेपाच झाले होते. ऑक्टोबरचं ऊन अजून डोळ्यांत शिरत होतं, रस्त्यावर कापसाचा टेम्पो पुढे चाललेला, त्याच्या जाळीतून निसटलेले पुंजके तिच्या हातांवर, ओढणीवर येऊन बसत होते. ती मनात रंगनाथ सरांशी बोलत होती आणि प्रत्येक वेळी तिचाच आवाज बारीक पडत होता. ती तंत्रज्ञ, वय सांगणं तिचं काम नव्हे, अशी तिला पंधरा वर्षांची सवय होती. हात नीट ठेव, हलू नको, झालं. याच्या पलीकडे ती कधी काही बोललीच नव्हती. मैदान म्हटलं की तिच्या पायांना अजून मागची रांग आठवायची. पण आज परत फिरायची सोय नव्हती, कारण ते पंधरा ते साडेपंधरा तिच्याच बोटांनी छापलं होतं.

ती स्टेडियमवर पोचली तेव्हा यादी वाचून झालेली होती. मैदानाच्या कडेला मुलींचा घोळका, त्यातल्या दोघीतिघी रडत होत्या, आणि दैवशाला त्यांचीच समजूत काढत होती. ती स्वतः रडत नव्हती. नुसता चेहरा आवळून धरला होता. तिचा बाप रायभान, घोंगडी खांद्यावर, रंगनाथ सरांच्या पुढ्यात उभा होता.

"सर, मी काय हकनाक खोटं बोलंल का? पेडगावच्या शिवारात आमचा मेंढरायचा वाडा बसलेला व्हता. दिवाळीचा पाडवा. हिच्या मायला, कासाबाईला, तिथंच दुखायलं. मेंढरायच्या मधी जलमली ही. ह्या पाडव्याला तेरा पुरी व्हतील."

"मामा, शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे."

"ते गुर्जीनं लिवलं. सगळ्यायचंच एक जून लिवलंय त्यायनी. आमी पाडवा म्हणलो व्हतो."

"पाडवा म्हणा का जून म्हणा," रंगनाथ सर वैतागून म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. पोरगी गेल्यामुळे त्यांच्याच संघाची चढाई बुडाली होती. "हाडं पंधरा म्हणायलीत. हाडं कशाला खोटं बोलतील?"

"हाडं खोटं बोलली नाहीत, सर," रोहिणी म्हणाली. आवाज बारीक पडला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. "मी चुकीचं विचारलं त्यांना." आणि तिने लिफाफा पुढे केला.

सरांनी अहवाल वाचला, पुन्हा वाचला, घड्याळ बघितलं. "मॅडम, दोन तासांत पोरगी दोन वर्षांनी लहान झाली? समितीला काय सांगू मी? लोक म्हणतील दाबलं कोणीतरी."

तिने झेरॉक्स दाखवली. हा तेराचा मुलगा, ही तेराची मुलगी. सर मान हलवत होते, पण नजर पानावर ठरत नव्हती. हाडांचे काळेपांढरे हात त्यांना एकसारखेच दिसत होते. भोवती माणसं जमू लागली. रोहिणीने कागद मिटला.

"सर, तुमचे निवडलेले मुलगे इथेच आहेत ना? सगळे बारा-तेराचे, आजच तपासलेले?"

"हां, आहेत की."

"मुलीही त्याच वयाच्या. सगळ्यांना एका रांगेत उभं करा. एक मुलगा, एक मुलगी, असं."

सरांनी शिट्टी मारली. दंगा करत, एकमेकांना ढकलत चोवीस पोरं रांगेत उभी राहिली. आणि रांगेकडे नुसतं बघितलं तरी पुरे होतं. दोन मुलगे सोडले तर प्रत्येक मुलगी शेजारच्या मुलग्यापेक्षा वर, कोणी बोटभर, कोणी चारचार बोटं. एका बुटक्या मुलाच्या डोक्यावर शेजारणीने कोपर टेकवलं तशी सगळी रांग खिदळायला लागली. कडेला उभे असलेले समितीचे एक गृहस्थ, दत्तराव, जवळ आले, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि हसत परत आले. "आमच्या घरीबी हेच चालू आहे," ते म्हणाले. "पोरगी सातवीत, पोरगा आठवीत, आणि तोच तिला घाबरतो."

"अजून दोनतीन वर्षांनी हे मुलगे यांच्या वर जातील," रोहिणी म्हणाली. "पण आज मुली पुढं आहेत. बाहेरून दिसतं तसंच आत हाडांतही. दैवशालाचा हात मुलींच्या पानाशी लावला की तेरा येतात. माझ्या हातून तो मुलग्यांच्या पानाला लागला." थांबून ती म्हणाली, "असं लेखी देते मी. माझ्या नावानं."

दत्तरावांनी शिक्का बघितला, किशनरावांचं अक्षर बघितलं, आणि यादीच्या तळाशी पेननं एक नाव वाढवलं. घोळक्यातून एवढा आरडाओरडा उठला की झाडावरचे बगळे उडाले. रायभानला काही क्षण काय झालं ते कळेना. मग कळलं तेव्हा त्याने डोक्यावरचा रुमाल सोडला, तोंड पुसलं, आणि उलटासुलटाच परत गुंडाळला. रोहिणी त्याच्याजवळ गेली. चूक माझी होती मामा, असं तिने सांगितलं, तर तो म्हणाला, "चुकी व्हतेच की मानसाची. पर तुमी पळत आलात." आणि लगेच स्वतःचा पंजा पुढे केला, काळा, रुंद, नखांत माती. "मला बी माजं वय ठाव न्हाई. माजा बी हात बगा की एकदा."

"तुमची हाडं पुरी झालीत मामा. ती आता वय सांगत नाहीत."

"न्हाई सांगत? बरं झालं," तो म्हणाला आणि पहिल्यांदा मोकळा हसला.

दैवशाला मात्र हसत नव्हती. मैत्रिणींच्या मिठ्यांतून सुटून ती रोहिणीपुढे येऊन उभी राहिली होती. दोघींची उंची जवळपास सारखी. डोळ्याला डोळा भिडत होता. "म्याडम," तिने हळू विचारलं, "तुमी म्हणलात की पोरं आमच्या वर जातील. मंग माझी उंची थांबणार हाय का?"

रोहिणीला हा प्रश्न माहीत होता. तो तिने कोणालाच विचारला नव्हता, म्हणून त्याचं उत्तर कोणी दिलंही नव्हतं. मनगटाजवळची ती काळी रेघ तिच्या डोळ्यांपुढे आली. खोटं सांगणं सोपं होतं. "अजून थोडी वाढशील," ती म्हणाली. "दोन बोटं, तीन बोटं. वर्षादोन वर्षांत मग थांबेल. तू काही केलंस म्हणून नाही. तुझं काम तू लवकर आटोपलंस म्हणून." एवढं बोलून ती वाट बघत राहिली, त्या चेहऱ्यावर आता काय येतं याची. तिला जवळजवळ बघवत नव्हतं.

दैवशालाने एकदा मैदानाकडे बघितलं. मग खांदे उडवले.

"थांबू द्या की," ती म्हणाली. "कबड्डीत उंच ऱ्हाऊन काय करायचंय म्याडम? तिथं वाकावंच लागतंय."

आणि गुडघे वाकवून, दोन्ही हात फाकवून, ती तशीच मागे मागे सरकत मैदानावर गेली.